आधी छत

बोर्ली पंचतनच्या आमच्या दवाखान्यात भर दुपारी अंधार करायची पद्धत होती. बाहेर सुपारीच्या वाड्यांवर ऊन रणरणत असे, कुणाच्या तरी विहिरीवरचा रहाट कुरकुरत असे, आणि आत मी आणि कंपाउंडर पांडू खिडक्यांवर काळी घोंगडी अडकवत असू. दाराच्या फटीत चिंध्या कोंबायच्या. कौलातून एखादा कवडसा आलाच तर पांडूने शिडी लावून तोही बुजवायचा. एवढं झालं की डॉ. टिपणीस स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून पाहत. हात दिसला की ते म्हणत, "अजून दुपार आहे." मग पुन्हा फटी शोधायच्या.

हात दिसेनासा झाला की ते स्टुलावर बसत. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या लघवीच्या वाटेने एक चांदीच्या रंगाची नळी आत घातलेली असे. तिच्या बाहेरच्या टोकाला ते डोळा लावत आणि म्हणत, "लावा." मग मी बॅटरीची तार जोडायची. नळीच्या आतल्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढा दिवा होता. तो त्या माणसाच्या मूत्राशयात, भरलेल्या पाण्यात पेटे. माणूस काटकुळा असला, आणि आमच्याकडे बहुतेक काटकुळेच येत, तर त्या काळोखात त्याच्या ओटीपोटावर एक मंद तांबूस डाग उमटे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. डॉक्टर डोळा न काढता म्हणाले, "भांडं उचला यमुनाबाई. आवाजाने आतलं पाणी हलतं."

आवाजाने पाणी हलतं की नाही हे मला आजही ठाऊक नाही. पण त्यानंतर त्या खोलीत मी कधी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नाही.

हा सगळा मुलुख तेव्हा जंजिरा संस्थानात होता. दवाखाना बांधला होता दिघीच्या एका हाजीसाहेबांनी. त्यांची गलबतं बसऱ्यापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. खाटा मोजक्याच होत्या, पण भिंतींना चुना दरवर्षी लागे. मी पुण्याला नर्सिंग शिकून आलेली ब्राह्मणाची विधवा. लोकांना बोलायला तेवढं पुरेसं होतं, त्यात मी पुरुषांच्या या असल्या दवाखान्यात काम धरलं. बोलणाऱ्यांना मी एकच सांगे, तुमची वेळ आली की माझ्याच हातचं पाणी पिणार आहात. पुष्कळांची वेळ आली आणि ते प्यायलेही.

टिपणीस मुंबईचे. मोठ्या इस्पितळात नाव काढलेले सर्जन, ते सगळं सोडून या कोपऱ्यात का आले, याबद्दल गावात नाना तर्क चालत. कुणी म्हणे बायको पळाली, कुणी म्हणे एखादा मारला असेल. मी एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "इथे लाल लघवीचे लोक मिळतात." एवढंच. जणू कुणी म्हणावं, इथे शहाळी चांगली मिळतात.

खरं होतं ते. बसऱ्याहून, आफ्रिकेहून परतलेल्या खलाशांत दर हंगामाला काही जण असे निघत, की ज्यांच्या लघवीतून रक्त जाई. तिकडच्या गोड्या पाण्यात उतरलं की एक बारीक किडा कातडीतून आत शिरतो आणि वर्षानुवर्षं मूत्राशयात घर करतो, त्यातून पुढे काहींना गाठी होतात, असं डॉक्टर सांगत. अशांची लघवी काचेच्या पेल्यांत घेऊन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवून, ते पेले पूर्वेच्या खिडकीत ओळीने मांडत. सकाळचं ऊन त्यांतून आत आलं की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर लाल ठिपके पडत. डॉक्टर त्या भिंतीपुढे पाठीमागे हात बांधून उभे राहत. कुठला ठिपका कालपेक्षा गडद झाला, कुठला फिका, ते पाहत. दवाखान्याच्या बाहेरून जाणाऱ्या बायका त्या खिडकीकडे बघायचं टाळत आणि पोरांचे डोळे पदराने झाकत.

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे मी विनोदाने सांगत नाही. रोज सकाळी आठ वाजता ज्या बाईला ते "आलात?" म्हणत, त्याच बाईला बाजारात मासळीवाल्यांच्या रांगेत त्यांनी एकदा हात जोडून विचारलं, "आपण कुठल्या?" मी म्हटलं, "तुमच्याच दवाखान्यातली." तर म्हणाले, "अस्सं? तिथे आमच्या यमुनाबाई असतात." दवाखान्याचे मालक हाजीसाहेब एकदा अचानक आले, तर डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून विचारलं, "कधीपासून जळजळ होते?" बिचारे हाजीसाहेब गडबडून खरोखरच आपली तक्रार सांगायला लागले.

चेहरा राहत नसे, पण मूत्राशय राही. आलेल्या माणसाला ते म्हणत, "नाव नको, आडवा हो." आणि नळीतून पाहिलं की लगेच, "अरे, तू तर मागच्या शिमग्याला आला होतास! पिशवीच्या तळाला डावीकडे ओरखडा आहे तोच ना तू?" तोच असे. तपासताना रोग्याच्या तोंडावर ते एक पांढरं फडकं टाकायला लावत. मला वाटे, लाज वाटू नये म्हणून. पुढे कळलं, की फडक्याखालचा माणूस कसा आहे याची त्यांना अडचण होई. ते म्हणत, "तोंड बघितलं की मन मऊ पडतं. मन मऊ पडलं की डोळा खोटं बोलतो."

आणि खोटं त्यांना चालत नसे. आत जे दिसेल ते तिथल्या तिथे, फडक्याखालच्या माणसाला ऐकू जाईल असं, स्वच्छ मराठीत बोलायचं हा त्यांचा नियम होता. पिशवी त्याची आहे, त्याला कळलं पाहिजे. माणसं गयावया करत, "साफ हाय म्हना डॉक्टर, येवढं येक बोला." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तू विचार काय आहे ते. काय ऐकायचंय ते मला सांगू नकोस."

आता ते छताचं सांगायला हवं, नाहीतर डॉक्टरांचं काहीच कळायचं नाही.

ते मला शिकवत तेव्हा म्हणत, "यमुनाबाई, मूत्राशय म्हणजे पाण्याने भरलेली खोली समजा. तळाला दोन बारीक दारं आहेत. मूत्रपिंडांतलं पाणी थेंब थेंब तिथून आत येतं. गाठ तळाला असली तर नळी शिरताशिरताच दिसते, त्यात काही मोठेपणा नाही. एका बाजूला असली तर मुंबईला पाठवतो, तिथे विजेने जाळतात. पण दोन्ही दारांवर बसली असेल तर दारं राखून ती निघत नाही, आणि दारं गेली की माणूस राहत नाही. तिथे मुंबईवालेही हात टेकतात. छताचं उलट. छताची गाठ कापायला सोपी. पोट उघडा, छताचा तेवढा तुकडा गाठीसकट काढा, शिवा, माणूस पुन्हा गलबतावर. पण ती दिसतच नाही! नळी खालून येते, छताचा पुढचा भाग तिच्या डोक्यामागे राहतो." मग थोडं थांबून म्हणत, "दिसते ती निघत नाही, निघते ती दिसत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पांडू भांडी घासतानाही ते गुणगुणायचा.

त्यातून छताला एक हवेचा बुडबुडा असतो. पाण्याबरोबर थोडी हवा आत जातेच, ती वर जाऊन छताला चिकटते. दिव्याच्या उजेडात तो चंद्रासारखा चमकतो. शिकाऊ माणूस तो बुडबुडा पाहतो आणि समजतो, आपण छत पाहिलं. पाहिलेला असतो फक्त बुडबुडा. म्हणून डॉक्टर उजव्या हाताने नळी धरत आणि डाव्या हाताचा तळवा रोग्याच्या ओटीपोटावर ठेवून खाली दाबत. दाबलं की छत खाली येतं, बुडबुडा सरकतो, आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसतं. सगळ्यांत आधी ते हेच करत. तळ नंतर, भिंती नंतर. "आधी छत," असं स्वतःशी पुटपुटत.

त्या दाबण्याची त्यांना इतकी सवय जडली होती, की विचार करताना, चहा पिताना, हाजीसाहेबांशी बोलताना त्यांचा डावा तळवा आपसूक स्वतःच्याच ओटीपोटावर जाई आणि हलके दाबे. बाजारातली पोरं त्यांची नक्कल करत.

मला शिकवायला त्यांनी काय केलं असेल? दर शुक्रवारी खाटकाकडून म्हशीचं मूत्राशय मागवायचं. ते उलटं करून छताच्या जागी दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं शेवाळ टाक्याने शिवायचं, पुन्हा सुलटं करून पाणी भरायचं आणि अंधाऱ्या खोलीत खुंटीला टांगायचं. मी आत नळी घालून शेवाळ शोधायचं. एकादशीच्या दिवशी आंघोळ करून, ओल्या केसांनी म्हशीच्या पिशवीत शेवाळ शोधत बसलेली मी! माझ्या सासरच्यांनी पाहिलं असतं तर पुन्हा एकदा माझं सुतक धरलं असतं. पण एकदा दिसलं, आणि मी दाबून धरलेल्या पिशवीत ते हिरवे तंतू बुडबुड्यामागून हळूच पुढे आले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाणी अगदी स्थिर होतं आणि तरी ते हलत होतं.

"हलतंय," मी म्हटलं.

"माणसातलं याहून हलतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात रक्त असतं ना."

पिशवी खुंटीला दिसली म्हणून गावात अशी वदंता उठली, की दवाखान्यात मेलेल्यांचे जीव डॉक्टर पाण्यात भरून ठेवतो. मागच्या दारी कुणी तरी नारळ ठेवून जाऊ लागलं. डॉक्टर त्या नारळांची सोलकढी करायला सांगत.

हे छताचं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या दुपारी बॅटरी उतरली होती आणि नवी येणारी बोट लांबली होती. आम्ही अंधार करून बसलो होतो आणि घोंगडी काढायचा कुणालाच उत्साह नव्हता. अंधारात त्यांचा आवाज आला, "माझा थोरला भाऊ असाच गेला. रक्त जायचं. मुंबईत माझ्या वरिष्ठांनी पाहिलं, साफ म्हणाले. दादा म्हणाला, तू बघ. मी पाहिलं. बुडबुडा पाहिला आणि म्हटलं, दादा, साफ आहे. त्याचं तोंड इतकं उजळलं, की मी पुन्हा डोळा लावलाच नाही." मग म्हणाले, "गेल्यावर पोट उघडलं. बुडबुड्याच्या बरोबर मागे होती. सुपारीएवढी. अर्ध्या तासाचं काम होतं हो ते."

मला रडू आलं. अंधार होता हे बरं झालं, नाहीतर त्यांनी मला भांडं उचलायला लावलं असतं.

त्यानंतरच्या हंगामात दाऊद तांडेल आला. दिघीचा, हाजीसाहेबांच्या मोठ्या गलबताचा तांडेल, म्हणजे त्या गलबतावरचा राजाच. दांडगा माणूस होता, पण रक्त जाऊन जाऊन ताकाच्या रंगाचा झाला होता. मुंबईत दोनदा पाहून साफ सांगितलं होतं. त्याची बायको हलिमा बरोबर होती. ती दारातच बसली आणि मला म्हणाली, "बाय, मुंबईवाले म्हनतात काय न्हाय. मंग हा माझा मानूस सुकतो कशान?"

दाऊदने फडक्याखालून विचारलं, "डॉक्टरसाब, दर्यावर जायाला मिलल का नाय, येवढाच सांगा."

डॉक्टरांनी डावा तळवा त्याच्या ओटीपोटावर ठेवला. त्यांनी दाबलं. दाऊदच्या पोटावरचा तांबूस डाग त्यांच्या बोटांखाली पसरला. खोलीत फक्त पाणी चढवायच्या डब्यातून थेंब पडल्याचा आवाज येत होता. मग डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "आहे. छताला. बुडबुड्याच्या मागे लपून बसली आहे." जणू वर्षानुवर्षं हुडकत असलेलं कुणी त्यांना सापडलं होतं. "दाऊद, मिळेल तुला जायला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते छत कापलं. मी क्लोरोफॉर्म धरला. गाठ बाहेर आली तेव्हा त्यांनी ती पाण्याच्या बशीत सोडली आणि ते तंतू पाण्यात उलगडले. डॉक्टर खाली वाकून बशीत म्हणाले, "आता दिसली?" मला म्हणाले असतील असं मी आजवर धरून चालले आहे.

दाऊद बरा झाला. हंगाम सुरू होताच दर्यावर गेला आणि पुढची काही वर्षं दर खेपेला खजुराची पेटी आणून देत होता. डॉक्टर त्याला चेहऱ्यावरून कधीच ओळखत नसत. तो हसत हसत सदरा वर करी, व्रण दाखवी, आणि मग डॉक्टर म्हणत, "हां, छत!" दिघीत त्याचं नावच छतवाला दाऊद पडलं.

मग एका वर्षी वादळात हाजीसाहेबांचं गलबत फुटलं. माणसं कित्येक दिवस सापडेनात. अखेर खाडीच्या तोंडाशी एक प्रेत लागलं. मासळीने चेहरा ठेवला नव्हता. हातापायांवरूनही कळेना. पोलीस पाटलाने दवाखान्यात निरोप धाडला, तेव्हा डॉक्टरांबरोबर मीही गेले. किनाऱ्यावर गर्दी होती. बेपत्ता खलाशांच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. प्रत्येक जणी मनात म्हणत असणार, माझा नको. हलिमा त्यांतच होती.

डॉक्टरांनी प्रेताच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाहायला काही नव्हतंही. ते वाळूत गुडघ्यांवर बसले. फुगलेल्या, चिखल लागलेल्या पोटावरचा चिखल पाण्याने धुतला. चिखलाखाली ओटीपोटावर एक रेघ होती. डॉक्टरांनी डावा तळवा त्या रेघेवर ठेवला आणि नेहमीसारखा, रोग्याला दुखू नये अशा बेताने, दाबला. भर उन्हात, सगळ्या गावासमोर ते मेलेल्या माणसाचं छत खाली आणत होते. दाबून त्यांनी मान थोडी कलती केली, जणू आत कुठे दिवा लागायची वाट पाहत आहेत. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"दाऊद आहे," ते म्हणाले. "हे टाके माझे."

हलिमा ओरडली नाही. ती उठून आली, तिनेही त्या रेघेवर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हय. हाच हाय." मग तिने डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरसाब, आतमंदी साफ हाय ना तो?"

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. दिवा न लावता, नळी न घालता ते असं बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं. परत येताना बैलगाडीत ते तोंड फिरवून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर ते थोडे बदलले. पेल्यांपुढे जास्त वेळ उभे राहू लागले. डावा तळवा पोटावरून निघेनासा झाला. मला वाटलं, दाऊदचं मनाला लागलं. माझं वाटणं एवढंच.

एका सकाळी मी खिडकीतले पेले झाडूनपुसून मांडत होते. भिंतीवर ठिपके पडले होते आणि त्यांत एक ठिपका इतका गडद होता, की तो लाल न दिसता काळपट दिसत होता. त्या पेल्यावर चिठ्ठी नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टर, याचं नाव राहिलं."

ते भिंतीकडे पाहत उभे होते. म्हणाले, "राहू द्या."

मी पेला खाली ठेवला. मी विचारलं, "कधीपासून?" त्यांचे डोळे त्या ठिपक्यावरच होते. मी म्हटलं, "आजच्या आज दिघीला गाडी काढते. उद्या मुंबईला जा."

"मुंबईला जाईनच. पण आधी मला कळलं पाहिजे. तिथे पाहतील हो, पण छत पाहतील याचा मला भरवसा नाही. माझ्या दादाचं कुणी पाहिलं नाही." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या आसपास कुठे तरी पाहत म्हणाले, "तुम्ही पाहा. तुम्हांला येतं."

मी नाही म्हणायला हवं होतं असं मला पुढे कितीतरी जणांनी सुनावलं. त्यांतल्या एकानेही ते भिंतीसमोरचे डॉक्टर पाहिले नव्हते.

दुपारी पांडूने आणि मी घोंगडी लावली. पांडूला रडू फुटत होतं आणि त्यामुळे फटी राहत होत्या. डॉक्टर अंधारात हात धरून म्हणाले, "अजून दुपार आहे," तसा तो मुकाट्याने शिडीवर चढला. नळी त्यांनी स्वतःच घातली. त्यात कुणाचा हात त्यांना नको होता. माझ्याकडे फक्त डोळा लावायचं काम ठेवलं. टेबलावर आडवे होऊन त्यांनी फडकं मागितलं आणि स्वतःच्या हाताने तोंडावर ओढून घेतलं.

मी स्टुलावर बसले. "लावा," मी म्हटलं. हा शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदाच बोलत होते. पांडूने तार जोडली.

डॉक्टरांच्या ओटीपोटावर तांबूस डाग उमटला. पोटावर मांस असं राहिलंच नव्हतं, इतक्या दिवसांत माझ्या ते लक्षात कसं आलं नाही? आणि नळीला डोळा लावताच, छताकडे वळायच्या आधीच, ते मला दिसलं. तळाला होतं. दोन्ही दारांवर पसरलं होतं, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, आणि स्थिर पाण्यात सावकाश हलत होतं. कुणालाही दिसलं असतं. मुंबईच्या कुठल्याही शिकाऊ पोराला दिसलं असतं.

फडक्याखालून आवाज आला, "आधी छत."

मी नळी वळवली. बुडबुडा चमकत होता. माझा हात पोटाकडे जाण्याआधीच त्यांचा डावा तळवा तिथे आला होता. त्यांनी दाबलं. बुडबुडा सरकला. मागे गुळगुळीत, फिकट गुलाबी छत होतं, एक ओरखडा नसलेलं.

"आहे?" त्यांनी विचारलं.

मी नळी पुन्हा एकदा छतावरून फिरवली.

"छताला आहे ना? पुढच्या बाजूला, नळीच्या डोक्यामागे, नीट बघा. मला तिथेच जाणवतं." त्यांनी आणखी दाबलं. दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्यांच्या बोटांमधला उजेड गडद होताना दिसला. "कापता येईल अशी आहे का? यमुनाबाई, तेवढंच सांगा. छताला आहे म्हणा."

आणि मग ते एकदम थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. डब्यातून थेंब पडत होते. पांडू हुंदके गिळत होता. फडकं त्यांच्या श्वासाने वरखाली होत होतं. साफ आहे, पुण्याला नवं औषध निघालंय, बॅटरी उतरली, उद्या पाहू, असलं काय काय माझ्या तोंडाशी आलं. एवढं खोटं मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

"छत स्वच्छ आहे," मी म्हटलं.



"म्हणजे तळ," ते म्हणाले.

"तळ."

"दोन्ही दारं?"

"दोन्ही."

"हलतंय?"

"हलतंय."

त्यांनी उजव्या हाताने तोंडावरचं फडकं काढलं. मी नळीवरून डोळा काढला. त्या तांबूस उजेडात आम्हांला एकमेकांचे चेहरे जेमतेम दिसत होते. ते माझ्या खांद्याकडे पाहत नव्हते, तोंडाकडे पाहत होते, आणि पाहतच राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, मुंबईचं, दवाखान्याचं, पुढच्या डॉक्टरचं.

"तुमच्या कपाळाला हा व्रण कसला?" त्यांनी विचारलं.

"लहानपणचा आहे. उंबऱ्यावर पडले होते."

"मला कधी दिसला नाही."

मी म्हटलं, "मोठा आहे की चांगला."

"दिवा काढा," ते म्हणाले. "घोंगडी काढा. उगाच दुपार अडवून ठेवली आपण."

पांडूने तार सोडली. मी उठून चाचपडत पश्चिमेच्या खिडकीशी गेले आणि घोंगडं ओढलं. उजेड सरळ टेबलावर पडला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. डावा तळवा मात्र ओटीपोटावर तसाच होता, आणि ते अजून दाबत होते.